दाखल क्रमांक सात हजार चारशे बारा

"बायकोचे आभार सगळ्यांना मानायचेत, पण तिचं नाव एकालाही आठवत नाही," स्कॅनरवाली पुटपुटली आणि तिने पान उलटलं. "हे बघा. 'माझ्या पत्नीच्या मूक सहकार्याबद्दल.' मूक कसली डोंबलाची? चार वर्षं घरात कागदांचा पसारा आवरून ती बाई मूक राहिली असेल होय?"

खळताई हसली, पण बेताने, कारण हातातल्या दाभणात दोरा नुकताच ओवला होता. दोघींची टेबलं इतकी जवळ होती की एकीचा उसासा दुसरीच्या कागदावर पडायचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं ते तळघर. तिथली खरी जागा कपाटांची, माणसांनी उरलेल्या फटींत आपली सोय बघायची. स्कॅनरवाली वर्षभराच्या करारावर आलेली, पस्तिशीची, दोन मुलांची आई. जुने प्रबंध काचेवर धरून पान न् पान संगणकात घालायचं, हे तिचं काम. आणि ते तिच्या हाती जाण्याआधी फाटलेलं शिवून, सुटलेलं चिकटवून धड करून द्यायचं, हे खळताईचं. त्यासाठी लागणारी मैद्याची खळ ती रोज सकाळी स्वतः शिजवायची, म्हणून तिचं नाव खळताई. खळ माझी आणि खळखळ तुमची, असं ती वरच्या मजल्यावरच्या लोकांना येताजाता ऐकवायची.

"आणि हे दादा कोण हो?" स्कॅनरवालीने पुढचा प्रबंध काचेवर ठेवला. "'पहिल्या स्वल्पविरामापासून शेवटच्या टिंबापर्यंत ज्यांनी हे लेखन तपासलं, ते आमचे दादा.' काल विहिरींवरच्या प्रबंधात हेच दादा. परवा मधमाश्यांवरच्यात हेच. बायकांना नाव नाही ते नाही, यांनाही नाही. मी आता मोजायलाच लागलेय. हा त्रेसष्टावा."

"असतील कुणीतरी," खळताई म्हणाली आणि तिने दोरा दातांनी तोडला.

कुणीतरी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या छापखान्यात प्रुफं तपासायचा. तिथेच प्रबंध टंकून घ्यायला येणारी पोरं त्याच्या टेबलाशी घोटाळत आणि तो लाल पेन्सिल घेऊन त्यांची वाक्यं सरळ करून देई. नुसती वाक्यंच नाहीत. एकाला त्याने सांगितलं होतं, तुझं तिसरं प्रकरण खरं तर पहिलं आहे, आणि त्या पोराचा अडलेला प्रबंध महिन्यात मार्गी लागला. अशा त्रेसष्ट जणांनी त्याचे आभार मानले होते आणि अजून अर्धी कपाटं काचेवर जायची होती.

त्याचा स्वतःचा प्रबंधही याच तळघरात होता. डावीकडून चौथं कपाट, तिसरी फळी. निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं: 'घरगुती कलहातील म्हणी व त्यांची जोडपदे'. दाखल क्रमांक सात हजार चारशे बारा. आत तीनशे वीस पानं. तीनशे वीसच्या तीनशे वीस कोरी.

ते झालं असं. सत्तावीस वर्षांपूर्वी दादा संशोधन करत होता आणि खळताई नुकती बाइंडिंगच्या कामाला लागली होती. तिची शाळा दहावीनंतर सुटलेली. दोघांना शिकवणं घराला झेपणारं नव्हतं आणि दादा हुशार. त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढे जे प्रबंध शिवायला आले ते तिने शिवता शिवता वाचले, आणि तिला वाळवीच्या राणीपासून ग्रहणांच्या गणितापर्यंत बरंच काही अर्धंअर्धं येऊ लागलं. अर्धं एवढ्यासाठी की शिलाई संपली की पुस्तक हातातून जायचं.

दादाचा विषय साधा होता आणि घरातलाच होता. भांडताना बायका नुसती म्हण म्हणून थांबत नाहीत, तिला मागून आपलं शेपूट जोडतात. 'नाचता येईना अंगण वाकडं' हे सगळ्यांनाच येतं. त्यांची आई म्हणायची, 'नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण झाडलं कुणी ते विचारा.' 'लेकी बोले सुने लागे' ला ती जोडायची, 'आणि सुनेचं बोलणं भिंतीला लागे.' अशी शेपटं दादा गोळा करत होता. गल्लीत आवाज चढला की तो कार्ड आणि पेन घेऊन दारात उभा. त्याला बघून बायका भांडण थांबवत आणि हा हिरमुसून परत येई. शेपटाला प्रबंधात 'जोडपद' म्हणायचं ठरलं, कारण त्याच्या सरांना शेपूट विद्यापीठाला शोभेलसं वाटेना.

एका महिन्यात देतो, असं दादा म्हणाला होता. पानं किती, तिने विचारलं. तीनशे वीस. मग तिने डमी शिवली. बाइंडरच्या कामात हे रोजचंच. पुस्तक तयार नसलं तरी तेवढी कोरी पानं शिवून, वर कापड चढवून बघायचं. जाडी किती भरते, पाठीवर अक्षरं मावतात का, निळा बरा की करडा. डमीच्या पाठीवर सोनं मात्र कुणी घालत नाही. तिने घातलं. भावाचं नाव सोन्यात कसं दिसतं ते बघायचं होतं, बाकी काही नाही. तेवढ्यात लेकीला ताप आला आणि ती तीन दिवस रजेवर गेली.

त्या तीन दिवसांत शिपाईमामाने पुस्तकं दाबून ठेवायच्या शिकंज्यातला महिन्याचा गठ्ठा उचलून वर नेला. नोंदी करणाऱ्या कारकुनाने एकेक खंड उघडून आतल्या पानावर शिक्का मारला, क्रमांक घातला. शिक्का मारणाऱ्याला जागा दिसते, मजकूर दिसत नाही. चौथ्या दिवशी खळताई कामावर आली आणि डबा घरी विसरली. तो घेऊन दुपारी आई आली. शिपाईमामाने मोठ्या हौसेने आईला कपाटापाशी नेलं. या, तुमच्या लेकाचं दाखवतो. आईने पाठीवरच्या सोन्यावरून बोट फिरवत मुलाचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. आतलं काही तिने उघडलं नाही. शिवायच्या टेबलाशी बसलेल्या खळताईला काही कळायच्या आत आई घरी पोचलीसुद्धा होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं.

दादा घरी आला तेव्हा दारात माणसं उभी होती. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, "काय डॉक्टर, सांगायचं तरी." तेव्हा तो बोलू शकला असता. तो म्हणाला, "हं."

त्या 'हं'ला आता सत्तावीस वर्षं झाली.

बहिणीला तो म्हणाला, राहू दे गं चिमे, महिन्याभरात खरा देतो, तू गुपचूप बदलून टाक. तिने त्याच मापाचं निळं कापड कापून खणात जपून ठेवलं. खरा काही आला नाही. आळस म्हणाल तर तसं नव्हतं. शेवटचं कार्ड मिळालं की लिहायला बसतो, असं तो म्हणायचा, आणि पुढच्या गल्लीत त्याच म्हणीला आणखी फक्कड शेपूट निघायचं. शिवाय दुसऱ्याच्या लिखाणातली चूक त्याला दोन हात लांबून दिसे. आपल्या पहिल्याच वाक्यात त्याला सात दिसत, आणि तो ते वाक्यच खोडून टाके. आठ वर्षांनी सर निवृत्त झाले. कार्डं बुटांच्या खोक्यांत भरून माळ्यावर गेली. गल्लीतले लोक डॉक्टर म्हणत राहिले. एका आजोबांनी तर त्याला गुडघा दाखवला होता. दादाने मुकाट्याने गुडघा बघितला आणि शेक द्या म्हणून सांगितलं.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे दादाला, वहिनीला आणि खळताईला. आईला माहीत नाही असं धरून तिघं चालत होती, आणि त्या बाजूला बोलणं वळलं की कुणाला तरी चहाची आठवण यायची.

*

आजवर हे खपलं, कारण प्रबंध उघडतो कोण. आता नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, विद्यापीठात हाताने जे जे लिहिलं गेलं ते सगळं जपायचं आणि कुणालाही घरबसल्या वाचता येईल असं करायचं. आधी मान होता फक्त मोठ्या प्रबंधांना. मॅडमनी पोत्यांत बांधून ठेवलेलंही बाहेर काढलं. आणि मग तळघरात काय काय यायला लागलं. वसतिगृहाच्या हस्तलिखित अंकाचे गठ्ठे आले, त्यांत एकाने कविता लिहिलेली आणि समासात दुसऱ्याने तिची उसनी ओळ पकडलेली. बसथांब्याची मोजमापं घेणाऱ्या विद्यार्थ्याची वही आली. त्याने बाकाच्या रेखाटनात त्यावर झोपलेला माणूसही प्रमाणात काढला होता, पायातला एक जोडा पडलेला. कागद खाणाऱ्या कसरीवर लिहिलेला एक प्रबंध कसरीनेच खाल्लेला होता, निष्कर्षासकट. खळताई म्हणाली, याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

भूगोलाच्या एका प्राध्यापकांच्या एकतीस वह्या होत्या. रोज सकाळी सहाचं तापमान. एका पानावर तीन दिवस अक्षर वेगळं, लहान मुलाचं. चौथ्या दिवसापासून पुन्हा सरांचं, पण थोडं थरथरतं. कुणी गेलं होतं की सर आजारी होते, ते वहीत नव्हतं. तापमान तेवढं होतं. ती वही शिवताना खळताईने त्या पानाला जरा जास्तच बारीक टाका घातला.

काही गोष्टी मध्येच थांबलेल्या. कुणी शिक्षण सोडलेलं, कुणी लग्न करून गेलेलं, एक मुलगा तर देवाघरीच गेलेला. मॅडमनी अशांसाठी यादीत नवा रकाना घातला: अपूर्ण. वरच्या मजल्यावर जरा कुरकुर झाली, की अपूर्ण गोष्टी ठेवायच्या तर ग्रंथालय पुरायचं नाही. मॅडम म्हणाल्या, पूर्ण झालेल्या कुठे एवढ्या आहेत?

खळताई रोज कपाटं मोजायची. स्कॅनरवाली सहाव्या कपाटात होती तेव्हा ती निर्धास्त होती. पाचव्यात आली तेव्हा तिची खळ दोनदा करपली. वाटलं तर ती तो निळा खंड उचलून पिशवीत घालू शकली असती, चावी तिच्याच कमरेला होती. पण ज्या हातांनी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं जपलं ते हात चोरीसाठी उठेनात. दादाला तिने दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा पेन्सिलीला टोक केलं.

गुरुवारी दुपारी स्कॅनरवाली म्हणाली, "अगंबाई."

तिने दहा पानं उलटली, मग शेवटून दहा. मग खंड तसाच उघडा धरून खळताईकडे बघितलं. स्कॅनरवालीने पाठीवरचं नाव वाचलं, खळताईचं माहेरचं आडनाव आठवलं, आणि जिभेवर एवढी धार असलेली ती बाई पहिल्यांदाच काही न बोलता उठून पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, हेच का ते दादा? खळताईने मान हलवली.

मॅडमसमोर खंड गेलाच. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, टाके बघितले. "बाइंडिंग तुमच्या हातचं आहे."

"हो."

"आत काही नाही."

"नाही."

मग खळताईने सगळं सांगितलं. डमी, सोनं, रजा, डबा, सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि नोंद रद्द करायचा छापील कागद पुढे ओढला. चोरी, गहाळ, कसर, पाणी, अशी चार कारणं छापलेली होती. पाचवी ओळ मोकळी. मॅडम म्हणाल्या, यातलं एकही बसत नाही. मी 'चुकून' लिहू शकते, त्यात खोटं काही नाही, पण मग ते तुमच्या माथी जाईल, आणि चूक काही एकट्या तुमची नाही. तुमच्या दादांनी स्वतः दोन ओळी लिहून दिल्या, की प्रबंध सादर झाला नाही, तर मी निमूट रद्द करते. आणि ती कार्डं अजून असतील तर ती मला हवी आहेत. अपूर्णच्या रकान्यात. हे सांगताना त्या जरा पुढे झुकल्या होत्या, चांगली भाजी दिसल्यावर बाई झुकते तशा. यादी सोमवारी सगळ्यांसाठी खुली होणार होती. तोवर वहीत सही करून खंड घरी न्यायला त्यांनी परवानगी दिली.

*

सोमवारची वाट आणखी एक माणूस बघत होतं. आईला शेजारणीने सांगितलं होतं, की आता तुमच्या डॉक्टरांचं पुस्तक फोनवर दिसणार. आई ऐंशीची. एक डोळा गेलेला, दुसऱ्यापुढे धुकं, पण कान असे की स्वयंपाकघरात झाकण घसरलं तर कुठल्या डब्याचं ते सांगायची. तिने ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं कुणी वाचून दाखवलं नाही, कारण म्हणे पुस्तक बाहेर न्यायचं नसतं. आता पळवाट नाही. आता ऐकायचं.

शनिवारी खळताई कापडी पिशवीत खंड घेऊन दादाकडे गेली. आई दादाकडेच असायची, दोन गल्ल्या पलीकडे. आई दुपारची पडली होती. तिघं स्वयंपाकघरात दार लोटून बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. म्हणजे बोलल्या दोघी. दादा पिशवीकडे बघत होता.

वहिनीचा बेत तयार होता. ती म्हणाली, एवढं कसलं संकट आलंय, आईंना अक्षर दिसतंय थोडंच? पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि कार्डांवरचं बोलायचं. आईंच्याच म्हणी आहेत, ऐकून खूश होतील. फोनवर नीट दिसत नाही म्हणून सांगू. मॅडमना काय लिहून द्यायचं ते द्या गुपचूप. "वन्सं, या वयात त्यांना कशाला धक्का? जे इतकी वर्षं चाललं ते आणखी चार वर्षं चालेल."

खळताईला यातलं काहीच खोडून काढता येईना, आणि काहीच पटेना. ती म्हणाली, "दादा, तू बोल."

दादा म्हणाला, "टाके अजून घट्ट आहेत गं."

"टाक्यांना काय झालंय. माझ्या बाजूचं सगळं तयारच होतं."

हे तिच्या तोंडून सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गेलं आणि गेल्यावर तिलाच लागलं. दादाने मान खाली घातली. वहिनीने चहा टाकला.

रविवारी दुपारी आई खिडकीपाशी खुर्चीत बसली. न सांगता वेणी घालून, धुतलेलं पातळ नेसून. पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खाली पाट. दादा तिच्यासमोर, मांडीवर निळा खंड. वहिनी दाराच्या चौकटीत, आणि खळताई पलंगाच्या कडेला, टाचून ठेवल्यासारखी.

आईने आधी पुस्तक हातात मागितलं. पाठीवरून बोट फिरवलं, कोपरे चाचपले, वजन घेतलं. "वजनदार झालंय," ती म्हणाली आणि परत दिलं. आत बोट घातलं नाही.

दादाने पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागला.

वाचायला लागला असंच म्हणावं लागेल. माळ्यावरून कार्डं काढायची त्याला गरज पडली नाही. तो म्हणी सांगत होता, कुठल्या घरात ऐकली, कोण कुणाला म्हणाली, भांडण दुधावरून होतं की दोरीवरच्या कपड्यांवरून. म्हण सगळ्यांची असते, शेपूट एकटीचं असतं, असं तो म्हणाला. ज्या बाईला घरात दुसरं काही स्वतःचं मिळत नाही ती म्हणीच्या टोकाला गाठ मारून आपली खूण ठेवते. म्हण म्हटल्यावर समोरची गप्प होते, पण शेपटाने हसते, आणि हसलेल्या माणसाशी भांडण पुढे नेता येत नाही. हे सगळं तो सरळ, एकामागून एक, कुठेही न अडखळता बोलत होता आणि नेमाने कोरी पानं उलटत होता. सत्तावीस वर्षं ज्याचं पहिलं वाक्य टिकलं नाही तो माणूस. खोडायला कागद समोर नव्हता म्हणून की काय कोण जाणे. खळताईने इतके प्रबंध शिवले होते. ऐकता ऐकता तिला कळलं की हा चांगला झाला असता. आणि तिला त्याचा मनापासून राग आला, लहानपणी यायचा तसा.

आई मध्येच थांबवायची. "दुधावरून नव्हतं ते. भाड्याच्या सायकलीवरून होतं. कापून टाक." दादा म्हणाला, बरं. "आणि नाचता येईनाचं शेपूट माझं आहे, समोरचीचं नाही. ती माझं ऐकून म्हणायला लागली." वहिनीला हसू आवरेना, तिने पदर तोंडाशी नेला. आईने न बघता तिला सुनावलं, की हसून घे, तुझीही दोन सांगितलीत मी त्याला. मग वहिनीला विचारावंच लागलं, कुठली. दादाने पान उलटून ती दोन्ही म्हणून दाखवली. वहिनी लाजली, आणि आपण खोटं चालवतोय हे घटकाभर तीही विसरली.

"झाकली मूठ कुठाय?" आईने विचारलं.

दादा थबकला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला आणि पुढचं त्याला येईना. चार हजार कार्डं पाठ असलेल्या माणसाला नेमकं तेवढंच शेपूट आठवेना.

"आणि उघडली तर निदान हात मोकळा," आईने पूर्ण केलं. "विसरलास होय? तुझ्या आत्याला म्हणाले होते मी, याच खिडकीत. लिहिलंयस ना?"

"हं," दादा म्हणाला.

तोच 'हं'. खळताईने मान दुसरीकडे फिरवली. खिडकीबाहेर कुणाच्या तरी दोरीवर एक चादर वाळत होती, तिच्याकडे बघत बसली.

आई सावरून बसली, पदर खांद्यावर घेतला, फोटो काढायच्या आधी घेतात तसा. "आता ते वाच. सुरुवातीला असतं ना, आभाराचं. चिमी सांगते, लोक काय काय लिहितात म्हणे. तिच्या त्या मशीनवाल्या बाईची गंमत सांगत होती. बायकोचं नाव कुणी घालत नाही." ती किंचित थांबली. "माझं घातलंयस का रे? का नुसतंच आई?"

दादाने पानं मागे उलटायला सुरुवात केली. एक, दोन, मग जुडीच्या जुडी. पहिल्या पानापाशी आला. तिथे वर डाव्या बाजूला फिकट जांभळा शिक्का होता आणि कारकुनाच्या हातचा क्रमांक. बाकी सगळं पांढरं. त्याने त्या पांढऱ्यावर तळहात ठेवला. हे एक पान सांगणं सगळ्यात सोपं होतं. त्रेसष्ट जणांनी लिहिलेली त्रेसष्ट पानं त्याने स्वतः तपासली होती, कुठला शब्द कुठे बसतो हे झोपेतही सांगितलं असतं. खळताई वाट बघत होती, की आता म्हणेल, आता आईचं नाव घेईल, तिच्या पुढे दोन चांगले शब्द लावेल, आई सुखावेल, आणि आपण सगळे उठून चहा घेऊ.

वहिनी हलकेच म्हणाली, "चहा टाकते."

"थांब," दादा म्हणाला.

त्याने पुस्तक मिटलं नाही. ते उचलून उघडंच आईच्या मांडीवर ठेवलं, तिचा हात धरून त्या पानावर नेला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला.

"आई, इथे काही नाही. तुझं नाव नाही, कुणाचंच नाही. हे पुस्तक कोरं आहे. मी प्रबंध लिहिलाच नाही."